हाताची घडी घालून पाहिलेलं विज्ञान

राणीची बाग, विज्ञान केंद्र, तारांगण, मत्स्यालय, गेटवे, आणि वेळ उरलाच तर गिरगाव चौपाटी. एवढं सगळं एका दिवसात. पहाटे साडेतीनला एसटी शाळेसमोर लागायची आणि रात्री बारा-एकला पेंगुळलेली मुलं पालकांच्या खांद्यावर टाकून आम्ही मोकळे व्हायचो. मी तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातले निदान बारा हिवाळे ही मुंबईची सहल काढली, आणि जवळजवळ दर वेळी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या वाट्याला फार तर पाऊण तास आला. त्या पाऊण तासात माझ्या गळ्यात शिट्टी असायची.

शिट्टीचं काम एकच. पुढे सरका. चौथीची पन्नास मुलं जोडीजोडीने, एकमेकांचा हात धरून, एका उपकरणासमोरून दुसऱ्याकडे जायची. पुढच्या दोन-तीन जोड्यांना बटण दाबायला मिळायचं. मागच्यांना पुढच्यांच्या माना दिसायच्या. कुणी रांग सोडून हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू पुन्हा पाहायला गेलं की मी शिट्टी फुंकायची. दालनाच्या दारात मुलांना थांबवून सूचना द्यायचे, तीही सवयीने: हाताची घडी, तोंडावर बोट. ज्या जागेचा सगळा जीव ‘हात लावून पाहा’ या तीन शब्दांत आहे, तिच्या उंबरठ्यावर मी हे सांगत होते. तेव्हा त्यात काही विसंगत वाटलं नाही, कारण मुलं हरवली नाहीत, पडली नाहीत, बसमध्ये मोजली तेव्हा पन्नासच्या पन्नास भरली. सहल यशस्वी.

आता निवृत्तीनंतर मला वाटतं, आणि हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही, की अशी सहल काढण्यापेक्षा ती न काढलेली बरी. विज्ञान केंद्र आणि आपली शालेय सहल यांची घडणच एकमेकींच्या उलट आहे. केंद्र सांगतं थांब, सहल सांगते चल. केंद्र सांगतं पुन्हा कर, सहल सांगते झालं ना एकदा? दोघींपैकी एकीला वाकावं लागणार, आणि आजवर दर वेळी केंद्रच वाकलं आहे.

हे केंद्र कसं आकाराला आलं तेही पाहण्यासारखं आहे. वरळीला आधी १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन मांडलं गेलं. मग १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्या निमित्ताने मुलांसाठी उघड्यावरची विज्ञान बाग झाली. पूर्ण केंद्र लोकांसाठी खुलं झालं ते ११ नोव्हेंबर १९८५ रोजी. म्हणजे क्रमाने पाहिलं तर केंद्राच्या आधी बाग आली, झोके आणि कप्प्या आल्या. शाळांनी मात्र ते नेहमी इमारत म्हणूनच पाहिलं: एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर. (जाता जाता, वरळीतच नेहरू तारांगण आहे आणि ते वेगळ्या रस्त्यावर, वेगळ्या संस्थेचं आहे. बाहेरगावच्या बसचा चालक ‘नेहरू’ एवढंच ऐकून भलत्या फाटकाशी बस लावतो. आमचा एका वर्षी यात अर्धा तास गेला, आणि तो अर्थातच विज्ञान केंद्राच्या पाऊण तासातून कापला गेला.)

हात लावून पाहायच्या संग्रहालयाची कल्पना जगभर पसरली त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमचा वाटा मोठा आहे. ते १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरांचे हे धाकटे भाऊ. तेही भौतिकशास्त्रज्ञ, पण राजकीय चौकशीच्या काळात विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा कोलोरॅडोत गुरं पाळली आणि मग तिथल्याच एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: संग्रहालयात कुणी नापास होत नाही. शाळेत शिकवलेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. आणि आपण काय करतो? त्या एकुलत्या एक नापास-नसलेल्या जागेत मुलांच्या हाती वही देतो आणि सांगतो, प्रत्येक उपकरणाचं नाव लिहा, उद्या निबंध आहे.

तो निबंध मी बारा वर्षं तपासला. ‘मी पाहिलेले विज्ञान केंद्र’. पहाटे लवकर उठलो, आंघोळ केली, आईने डब्यात पुरी-भाजी दिली, बसमध्ये गाणी म्हटली, अमुकला उलटी झाली, विज्ञान केंद्रात अनेक प्रकारची उपकरणे पाहिली, आम्हाला खूप माहिती मिळाली, आम्ही खूप मजा केली. पन्नास वह्या आणि एकच निबंध. उलटी कुणाला झाली तेवढ्यापुरता फरक. मी खाली ‘छान’ लिहून सही करायचे. ‘खूप माहिती मिळाली’ या वाक्याखाली लाल शाईने ‘कोणती?’ असं एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर मलाही ठाऊक होतं.

माझी खोड मोडली ती एका मुलीने. विज्ञान केंद्रांत एक जुनं, बिनवीजेचं उपकरण असतं. दोन रुळ, एका टोकाला जवळजवळ चिकटलेले, दुसऱ्या टोकाकडे फाकत गेलेले, आणि फाकलेलं टोक थोडं उंचावर. त्यावर दोन शंकू बुडाशी बूड चिकटवून केलेला एक लाकडी भोवऱ्यासारखा ठोकळा. तो खालच्या टोकाशी ठेवून सोडला की आपला आपण चढाच्या दिशेने गडगडत जातो. आमची रांग तिथून पुढे गेली आणि ही मुलगी मागे राहिली. मी परत आले तर ती कंपासपेटीतला करकटक ठोकळ्याला टेकवून बघत होती.

“काय करतेस गं?”

“बाई, आत लोहचुंबक असेल तर हा चिकटेल ना? नाही चिकटत.”

मी तिला हाताला धरून ओढत रांगेत आणलं. तारांगणाचा खेळ अडीचला होता.

बसमध्ये मला कळलं की त्या दिवशी पन्नास मुलांपैकी एकीनेच विज्ञान केलं होतं आणि तिलाच मी रागावले होते. तिने शंका घेतली, शंकेची परीक्षा कशी घ्यायची ते स्वतः ठरवलं, हाताशी होतं ते साधन वापरलं आणि आपलाच अंदाज खोटा ठरल्याचं मान्य केलं. वय वर्षं नऊ. आणि हे लक्षात घ्या की चौथीला ‘विज्ञान’ नावाचा विषयच नसतो, परिसर अभ्यास असतो. म्हणून तर आमच्याकडे काही जण म्हणायचे, एवढ्या लहान मुलांना विज्ञान केंद्रात नेऊन काय कळणार, आठवी-नववीची न्यावीत. मला नेमकं उलटं वाटतं. आठवीच्या मुलाला वाहत्या हवेच्या दाबाचा नियम सांगणाऱ्या बर्नोलीचं नाव माहीत असतं, आणि तरंगत्या चेंडूसमोर ते नाव उच्चारून तो मोकळा होतो. नाव म्हणजे कारण नव्हे हे त्याला आता कोण सांगणार? चौथीच्या मुलाकडे नाव नसतं, त्यामुळे त्याला चेंडूकडेच पाहावं लागतं.

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे. बाई, मोकळं सोडलं तर मुलं नुसती धावतात, बटणं बडवतात, शिकत काहीच नाहीत. खरं आहे. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ती तेच करतात. पण त्याचं कारण बेशिस्त नसून नवलाई आहे, आणि हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सहलीला नेलेल्या मुलांबद्दल हीच गोष्ट मांडली. अनोळखी जागी गेलेल्या मुलाचं लक्ष आधी जागेवरच जातं, आणि ती जागा ओळखीची होईपर्यंत तुम्ही नेमून दिलेला धडा त्याच्या डोक्यात शिरत नाही. याच मंडळींचं पुढचं काम प्राणिसंग्रहालयाच्या सहलींवर आहे. निघण्याआधी मुलांना बस कुठे थांबेल, डबा कुठे खायचा, काय काय दिसेल, खरेदीला दुकान आहे का, हे सांगून ठेवलं तर ती तिथे जास्त शिकतात. आपण निघण्याआधी काय सांगतो? गणवेश स्वच्छ हवा, दागिने घालू नयेत, पन्नास रुपयांपेक्षा जास्त पैसे आणू नयेत.

आता हिशेब करा. पाऊण तासाची भेट, त्यातली पंचवीस मिनिटं नवलाईची, दहा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेची. उरली दहा. मूल स्थिरावून एखाद्या उपकरणाशी खरं बोलायला लागतं, तेव्हाच आपली शिट्टी वाजते. आणि वर आपण म्हणतो, मुलं नुसती धावतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती महाविद्यालयाची सहल होती, पण त्या बातमीनंतर प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचेही हात थरथरले. सहलीच्या परवानग्या कडक झाल्या आणि ते योग्यच झालं. पण त्या भीतीचा परिणाम पाहा. भिंती असलेल्या, एकच फाटक असलेल्या, जागोजागी कर्मचारी उभे असलेल्या इमारतीतसुद्धा आम्ही मुलांना गडाच्या कड्यावर असल्यासारखं जखडून ठेवतो. आणि ज्या गडावर खरंच कडा असतो तिथे फोटोसाठी सगळी फळी तटावर उभी करतो. भीती जिथे हवी तिथे असावी. विज्ञान केंद्रात चौथीचं मूल सुटं फिरलं तर फार तर दुसऱ्या दालनात सापडेल.

परवानगीच्या कागदांबद्दलही बोलायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. मी पाठवलेल्या प्रस्तावांत बसचा क्रमांक होता, विद्यार्थिसंख्या, सोबतच्या शिक्षकांची नावं, पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचार पेटी, मुक्कामाचा तपशील होता. मुलं तिथे जाऊन काय करणार, हा रकाना नव्हता. विचारलंच जात नसेल तर ठरवणार कोण? ठिकाणांची यादी जितकी लांब तितकी सहल भरगच्च, असं पालकांनाही वाटतं आणि वर्गणी वसूल झाल्याचं समाधान मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, अनुभवातून शिकण्याचा पुष्कळ उल्लेख आहे. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळाही सुचवली आहे. प्राथमिकच्या मुलांसाठी तेवढंही नको. एक दिवस, एक ठिकाण, एवढं लिहून दिलं तरी चालेल.

इथे माझे एक मित्र, तेही शिक्षक, मला अडवतात. त्यांची शाळा डोंगराळ भागातली. ते म्हणतात, आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मुंबई पुन्हा दिसेल याची खात्री नाही. तुमच्या एका शंकूसाठी मी त्यांचा समुद्र कापू? या प्रश्नापुढे मी दोनदा गप्प बसले. तिसऱ्यांदा म्हटलं, समुद्र कापू नका, विज्ञान केंद्र कापा. दिवसभर समुद्रावर बसा. भरती-ओहोटीच्या खुणा बघा, वाळूत खड्डा खणून पाणी कुठे लागतं ते बघा, खेकड्यामागे धावा. ते विज्ञानच आहे. पण पाच ठिकाणं करून मुलांना समुद्रही बसच्या काचेतून आणि विज्ञानही माणसांच्या मानांतून दाखवणं, हा न्याय नव्हे.

दूरच्या मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला मान्य आहे. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे, पण गडचिरोलीहून ते पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि सिरोंच्याहून त्याच्या दुप्पट. पिंपरी-चिंचवडला महापालिकेचं सायन्स पार्क आहे, पणजीला मिरामारच्या किनाऱ्यालगत गोवा विज्ञान केंद्र आहे, म्हणजे शहरांना शहरांची सोय आहे. यावर तोडगा म्हणून जिल्ह्याजिल्ह्याला घुमटाची इमारत बांधा, अशी मागणी होते. मला त्याची धास्ती वाटते. इमारतीच्या उद्घाटनाला पैसे मिळतात, तुटलेल्या दांडीला मिळत नाहीत. ‘बंद आहे’ अशी पाटी लटकलेली उपकरणं मी जितकी पाहिली, त्यावरून सांगते, हात लावायच्या वस्तू मोडणारच. ज्या मोडत नाहीत त्यांना कुणी हात लावत नाही. दुरुस्त करणारा कारागीर पगारावर नसेल तर केंद्र काढू नये.

त्यापेक्षा जुनी, साधी वाट आहे. उपकरणं बसमध्ये घालून गावात न्यायची. आपल्याकडे ही फिरती प्रदर्शनं १९६५ पासून आहेत, सुरुवात कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने केली आणि आज राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या बसगाड्या राज्याराज्यांत फिरतात. अशी बस शाळेच्या पटांगणात आली की तिथेही रांग लागते, हा भाग वेगळा. पण बस दोन दिवस थांबली तर मूल दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतं. पाऊण तासाच्या मुंबईपेक्षा पटांगणातले दोन दिवस माझ्या मते मोलाचे.

माझा सगळा भर या परत येण्यावर आहे. त्या करकटकाच्या प्रसंगानंतर चार वर्षं मी नोकरीत होते. पहिल्या वर्षी धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांशी भांडून कार्यक्रमपत्रिका बदलली: सकाळी राणीची बाग, दुपारी विज्ञान केंद्र, एवढंच. पालकांच्या सभेत कुरकुर झाली. एवढ्या पैशात दोनच ठिकाणं? मी सांगितलं, तिकिटाचे पैसे वाचले त्यात दुपारचं गरम जेवण मिळेल. तेवढ्यावर सभा मिटली.

एक्सप्लोरेटोरियममधल्या जोशुआ गटविल आणि सू ॲलन या संशोधकांनी गटाने येणाऱ्यांसाठी एक छोटा खेळ केला होता, तो मी थोडा आपल्याकडच्या पद्धतीने उचलला. उपकरणाशी थोडा वेळ खेळायचं, मग थांबायचं, प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि गटाने त्यातला एक निवडायचा. अट अशी की उत्तर गटात कुणालाच माहीत नसावं आणि ते समोरच्या उपकरणाकडूनच मिळण्यासारखं असावं. हा खेळ शिकलेले गट पुढच्या उपकरणापाशी जास्त वेळ रमले आणि एकाला जोडून एक असे प्रयोग करत गेले, असं त्यांना दिसलं. मला आवडली ती अट. ‘गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?’ हा प्रश्न त्या अटीत बाद होतो, कारण त्याचं उत्तर उपकरण देत नाही, पुस्तक देतं. ‘ठोकळा उलटा ठेवला तर?’ हा चालतो.

वर्गात आम्ही आधी आठवडाभर याचा सराव केला, हातपंपावर, झोक्यावर, शाळेच्या घंटेवर. केंद्रात गेल्यावर पहिला अर्धा तास मोकळा. पळा, बडवा, ओरडा. शिट्टी मी बसमध्येच ठेवली होती. मग पाच-पाचांचे गट, प्रत्येक गटाला तीनच उपकरणं, आणि वही नाही. निबंधही नाही. घरी जाताना प्रत्येकाने न कळलेली एक गोष्ट सांगायची, एवढंच. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका गटाने पूर्ण वेळ आरशांपुढे वेडेवाकडे चेहरे करण्यात घालवला आणि दुसऱ्या गटात मारामारी झाली. दोन मुलं विज्ञान बागेतल्या जुन्या रेल्वे इंजिनापाशी जाऊन बसली, ती उठायलाच तयार नव्हती. त्यांना मी बसू दिलं.

शंकूच्या ठोकळ्यापाशी एक गट तासभर होता. त्यांचा प्रश्न असा की ठोकळा खरंच वर जातो का. वर जातो हे सगळ्यांना दिसत होतं, तरी त्यांनी विचारलं. एकाने खिशातली दोरी काढली. ठोकळा खालच्या टोकाशी असताना त्याच्या अणकुचीदार टोकापासून खालच्या फळीपर्यंत दोरी धरली, गाठ मारली. मग ठोकळा वरच्या टोकाला नेऊन पुन्हा दोरी धरली, तर ती जास्त झाली. म्हणजे रुळ वर गेले, पण रुळ फाकल्यामुळे ठोकळा त्यांच्यामध्ये रुतत गेला आणि त्याचं टोक खाली आलं. सगळ्या वस्तूंसारखा तोही उतरतच होता. गटातल्या दोघांना हे पटलं, तिघांना नाही.

आमच्या एसटीचे चालक एरवी बाहेर बसमध्ये झोप काढायचे आणि वेळ झाली की हॉर्न वाजवायचे. त्या दिवशी दुपार मोठी होती, म्हणून तेही आत आले होते आणि मुलांच्या मागे कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होते. निघायची वेळ होऊन गेली होती. मी घड्याळ दाखवलं तर त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि दोरीवाल्या मुलाला म्हणाले, “अरे, मघाशी दोरी तिरकी धरली होतीस. सरळ धर आणि पुन्हा मोज.”